दोन्ही हात वर

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. सबस्टेशनवर बसणाऱ्या माणसाला राग येऊन चालत नाही म्हणतात. लाइट गेली की चार गावं त्याच्यावर रागवायला मोकळी असतात, त्यात आपली भर कशाला? पण स्वभावाला औषध नाही. वरवट बकालपासून चार किलोमीटरवर आमचं सबस्टेशन आहे. एक खोली, चार दिशांना जाणाऱ्या चार लाइनींचे चार ब्रेकर, एक टेबल, एक लॉगबुक, आणि मी, समता इंगळे, ऑपरेटर.

माझं काम सांगायला सोपं आहे. लाइनवर दुरुस्ती करायची असली की लाइनमन मला फोन करतो. मी ब्रेकर बंद करते, वेळ लिहिते आणि त्याला एक नंबर देते. त्याला परमिट म्हणतात. काम संपवून खांबावरून खाली उतरल्यावर त्यानं स्वतःच्या तोंडानं, तो नंबर सांगून, परमिट परत करायचं. मग मी लाइन चालू करते. ज्यानं घेतलं त्यानंच परत करायचं, त्याच्या वतीनं दुसऱ्या कुणी नाही. बाकीचे नियम वाकवले तरी चालतात, हा एक वाकत नाही.

हा नियम मला ज्ञानेश्वर काकांनी शिकवला. आणि तो मोडला मी.

काका आमच्याकडचे सगळ्यांत जुने लाइनमन. तीस वर्षं खांबावर काढलेली, निवृत्तीला चौदा महिने उरलेले. मी लोणारजवळच्या बीबी गावाहून इथे नवीन आले तेव्हा ब्रेकरला हात लावायलाही घाबरायचे. ते म्हणाले होते, "ब्रेकरले काय भेतं पोरी? तारेवर जो बसला हाये ना, त्याले भे." माझ्या बोलण्याचीही ते टिंगल करायचे. लोणारकडचे आम्ही अर्धे मराठवाड्यातले, असं त्यांचं मत. गळ्याला बारा महिने दुपट्टा गुंडाळलेला. मी समजत होते, उन्हासाठी असेल.

मागच्या दिवाळीपासून त्यांचा आवाज बसायला लागला. आधी घोगरा झाला, मग फाटका. परमिटचा नंबर सांगतानाही दोनदा थांबायचे, खाकरायचे. सगळे म्हणायचे, बिडी सोडा. मला फार वाईट वाटायचं. एक दिवस मीच म्हणाले, "काका, तुम्ही कशाला घसा ताणता? परमिट परत करायचं तेवढं भाऊराव दादांना सांगायला लावा." भाऊराव म्हणजे काकांचे जोडीदार, पंचेचाळिशीचे, सरळ माणूस. तेव्हापासून फोन भाऊरावचा यायला लागला, "मॅडम, काकाचं परमिट रिटर्न, नंबर अमुक." मी लाइन चालू करायचे. सहा महिने असंच चाललं. आपण किती चांगल्या आहोत, असं मला वाटायचं, खोटं कशाला सांगू?

मेच्या पहिल्या आठवड्यात काकांची बायको, जयमाला काकू, सबस्टेशनवर आल्या. एकट्या, भर उन्हात. पाणीसुद्धा न पिता त्यांनी पिशवीतून एक फाइल काढून माझ्यापुढे ठेवली.

"तुमाले इंग्रजी वाचता येते. पाहा बरं."

सोनोग्राफीचा रिपोर्ट होता. मला समजलं तेवढं असं, की गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी दोन्ही बाजूंनी वाढलेली आहे, तिच्यात एक-दोन नव्हे, बऱ्याच गाठी आहेत, सगळ्यांत मोठी साडेपाच सेंटिमीटरची. श्वासनळी एका बाजूला ढकलली गेली आहे. आणि ग्रंथीचं खालचं टोक छातीच्या हाडामागे उतरलं आहे.

"गलगंड," मी म्हणाले.

"लोकं गंडच म्हणतात. म्हणून तं दुपट्टा." काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "सुईनं तपासलं डाक्टरनं. गाठी साध्या हायेत म्हणे, कॅन्सर नाही. मी म्हटलं, सुटलो बापा. तं डाक्टर म्हणे, गाठी साध्या हायेत पण जागा वाईट हाये. आपरेशन करा लागते. अन् मंग म्हणे, दोन्ही हात वर करा. कानाले लावून धरा. आमचे हे हासले. म्हणे, हे तं मायं रोजचंच काम हाये."

"मग?"

"एक मिनिट नाही झालं वं बाई. तोंड असं जांभळं झालं, वांग्यासारखं. घशातून शिट्टी वाजाले लागली. डाक्टरनं झटकन हात खाली घेतले त्याचे. म्हणे, हात वर केले की गळ्यात जागाच राहत नाही. श्वासबी अडते अन् डोक्याचं रगत खाली येत नाही."

मी फाइल बंद केली. खांबावर चढलेला माणूस दोन्ही हात वर न करता काय करणार? हार घालायला चढतो का तो तिथे?

"ते खांबावर चढतात अजून?"

"म्हणून तं तुमच्याकडे आली. तुमचं आयकते तो. आपरेशनले तयार करा त्याले. पण साहेबाले सांगू नका, तुमाले हात जोडते. अनफिट लिहिलं तं घरी बसवतीन. तो घरी बसला तं जगत नाही, मी वळखतो ना त्याले."

मी कबूल केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा विचार तेव्हा मीही केला. तेव्हाच आमच्या इंजिनिअर साहेबांना फोन लावायला हवा होता, हे मला त्या दिवशीही कळत होतं, आणि तरी मी तो लावला नाही.

दुसऱ्या दिवशी काका आले तेव्हा मी दार लावून घेतलं आणि सरळ विषयाला हात घातला. ते आधी हसले. मग चिडले, बायकोवर. मग खुर्चीत बसून दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"गळ्यावर सुरी नाही फिरू द्यायची मले," ते म्हणाले. "अन् चौदा महिनेच राह्यले. मंग पाहू."

"चौदा महिन्यांत काही झालं तर?"

"काही होत नाही वं. तीस वर्षं झाले, खांबावर कई चक्कर नाही आली. जमिनीवर येते."

"आजचं मरण उद्यावर ढकलू नका काका. मला शब्द द्या. नाहीतर मी आत्ता साहेबांना फोन लावते." मी मोबाइल हातात घेतला. लावणार होते की नुसती भीती घालत होते, मला माहीत नाही.

शेवटी ते म्हणाले, "बरं. मी खालीच राहीन. वर भाऊराव जाईन. झालं समाधान?"

माझं समाधान झालं. तीन आठवडे परमिट देताना दर वेळी मी विचारायचे, "वर कोण?" आणि काका सांगायचे, "भाऊराव." परत करणारा फोनही भाऊरावचाच यायचा. भाऊरावला मी यातलं काही सांगितलं नव्हतं, शब्द काकूंना दिलेला होता. पण काकांनीही त्याला सांगितलं नसेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

सत्तावीस मेला दुपारी वावधान सुटलं. आभाळात पाणी नव्हतं, नुसती धूळ आणि वारा. दोनच्या सुमारास गावठाणाची लाइन बंद पडली. कडुलिंबाची फांदी तारेवर पडून खांबावर तार पेलणारी चिनीमातीची चिमणी फुटली होती. चार गावं बंद. ऊन चव्वेचाळीस अंशांचं. माझा फोन वाजायचा थांबेना. दोन पस्तीसला काकांनी परमिट मागितलं.

"वर कोण?" मी विचारलं.

"भाऊराव," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात वारा भरला होता. मी ब्रेकर बंद केला, वेळ लिहिली, नंबर दिला एक्केचाळीस.

साडेतीनला भाऊरावचा फोन आला. "मॅडम, काकाचं परमिट रिटर्न. एक्केचाळीस. करा चालू."

तोपर्यंत साहेबांचे तीन फोन येऊन गेले होते. मी उठलेच होते, ब्रेकरच्या मुठीवर माझा हात होता. घाईत होते, पण बोलायचं म्हणून बोलले, "एवढ्या वाऱ्यात तुम्ही वर चढलात दादा, कमाल आहे."

"मी? मी कुठं वर गेलो? मी तं इकडे स्विचवर हाओ, किलोमीटरभर दूर. काकाच वर हायेत. म्हणजे व्हते. त्याहीचा फोन आलता, काम झालं, साखळी काढून उतरतो म्हणे. पाच-सात मिनिटं झाले. उतरले असतीन."

मी मुठीवरचा हात काढला. साखळी म्हणजे काम चालू असताना तारा जमिनीला जोडून ठेवतात ती. ती असेपर्यंत माणूस सुरक्षित असतो. ती काढली की त्याच्यात आणि अकरा हजार व्होल्टमध्ये फक्त माझा ब्रेकर उरतो.

"उतरलेले पाहिले का तुम्ही?"

"इथून कसे दिसतीन? मंधात केळीचा मळा हाये."

"मग परमिट कसं परत करता तुम्ही?"

भाऊराव गोंधळला. मग त्यालाही राग आला. "रोज तं असंच करतो ना मॅडम. तुमीच सांगतलं होतं. आजच काऊन?"

मी फोन ठेवला आणि काकांना लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. तिसऱ्यांदा लावला. मग ब्रेकरच्या पॅनेलची किल्ली काढून मुठीत घेतली, कारण मला माझ्याच हाताची खात्री वाटेना.

भाऊरावला पुन्हा फोन करून ओरडले, "दादा, गाडी काढा. खांबाजवळ जा. काका वर आहेत. मला माहीत आहे ते वर आहेत."

"काय झालं पण?"

"जा म्हणते ना! काकांनी स्वतः बोलल्याशिवाय मी लाइन चालू करत नाही. संध्याकाळ झाली तरी."

लगेच साहेबांचा फोन. "इंगळे, परमिट आलं ना? मग लाइन का बंद?"

"नाही आलं साहेब."

"भाऊराव म्हणतो, केलं परत."

"घेतलं काकांनी, केलं भाऊरावनं. ते धरत नाहीत."

"जळगाव जामोदपर्यंत माझी पूजा चालली आहे इंगळे. लिहून देता का मला, की लाइन तुमच्या जबाबदारीवर बंद आहे?"

"देते," मी म्हणाले. एरवी अशा वेळी मी चार शब्द जास्तीचे बोलते. त्या दिवशी तेवढंच बोलले.

मग काहीच नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ, खिडकीवर आदळणारी धूळ, आणि गल्लीतल्या कुत्र्यासारखा पुन्हा पुन्हा ओरडणारा फोन. मी उभीच होते. बसले तर काहीतरी वाईट होईल, असं वाटत होतं. हे मूर्खपणाचं आहे, पण वाटत होतं. समजा वारा होता म्हणून काकांनी फोन उचलला नसेल, समजा ते खाली झाडाखाली पाणी पीत बसले असतील. मग उद्या सगळे माझ्यावर हसतील. हसू देत, देवाशप्पथ हसू देत, असं मी मनात म्हणत होते, आणि आमच्या घरात देवाची शप्पथ कुणी घेत नाही.

अकरा मिनिटांनी भाऊरावचा फोन आला. आधी नुसता रडण्याचा आवाज. "मॅडम, काका बेल्टात लटकून हायेत. मान खाली पडली. तोंड काळंनिळं झालं. लाइन चालू करू नका मॅडम, पाया पडतो, चालू करू नका."

"नाही करत. किल्ली माझ्या हातात आहे. मान वर उचला त्यांची आधी, मान सरळ धरा!"

फोन चालूच होता. भाऊराव वर चढताना खांबाचे आवाज, खालून धावत आलेल्या माणसांची ओरड, "दोर टाका", "हळू बे, हळू". मग काकांच्या घशातली ती शिट्टी मला ऐकू आली. जयमाला काकूंनी सांगितलेली तीच. इतका भयंकर आवाज मी कधी ऐकला नव्हता, आणि तो बंद पडू नये म्हणून फोन कानाला घट्ट दाबून धरला होता.

माझ्या जागी दुसरा ऑपरेटर यायला साडेपाच झाले. तोवर दुसऱ्या लाइनमनला बोलावून, नवं परमिट देऊन, त्याच्याच तोंडून परत घेऊन मी लाइन चालू केली होती. मग लॉगबुकात सगळं लिहिलं, बुक पिशवीत टाकलं आणि काकांना नेलं होतं त्या सरकारी दवाखान्यात गेले.

काका खाटेवर ताठ बसलेले होते. आडवं केलं की श्वास कोंडायचा, म्हणून पाठीशी तीन उशा. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. आणि गळा उघडा. पहिल्यांदाच पाहिला मी तो. पिशवीत बटाटे भरावेत तसा, दोन्ही बाजूंनी उंचसखल, कातडीवर फुगलेल्या निळ्या शिरा. एवढं सगळं हा माणूस एका दुपट्ट्याखाली घेऊन माझ्याशी थट्टा करत होता. मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला.

डॉक्टरांनी सांगितलं, रात्री इथेच नजरेखाली ठेवू, सकाळी अकोल्याला, ऑपरेशन आता टाळता येणार नाही. साहेब जबाबाचा कागद घेऊन उभे होते. भाऊराव दारापाशी, जयमाला काकू खाटेच्या पायथ्याशी.

"काय झालं, तुम्हीच सांगा," साहेब म्हणाले.

काकांनी मास्क बाजूला केला. "पाय घसरला."

"पायच घसरला साहेब," भाऊराव म्हणाला. "वारं लय होतं."

साहेबांनी तसंच लिहायला घेतलं. त्यांनाही ते सोयीचं होतं. पाय घसरला म्हणजे कुणाची चूक नाही, आठ दिवसांची रजा आणि माणूस पुन्हा कामावर. जयमाला काकूंनी माझ्याकडे पाहिलं. गप्प राहा, असं ते पाहणं होतं.

मी लॉगबुक उघडलं आणि लिहिलेलं वाचून दाखवलं. ज्ञानेश्वर यांच्या गळ्यात थायरॉईडच्या गाठी आहेत. दोन्ही हात वर केल्यावर त्यांचा श्वास कोंडतो. हे मला तीन आठवड्यांपासून माहीत होतं आणि मी कळवलं नाही. सहा महिन्यांपासून त्यांची परमिटं मी भाऊराव यांच्याकडून परत घेत होते. ही पद्धत मी सुरू केली.

मग काकूंचा आवाज फुटला. "विश्वासानं सांगतलं होतं तुमाले. लेकीसारखं समजून सांगतलं होतं."

"म्हणूनच लिहिलं काकू. नाहीतर ते बरे होऊन परत खांबावर जातील, आणि ऑपरेशन पुढच्या वर्षी."

"इंगळे," साहेब हळू आवाजात म्हणाले, "हे असं राहिलं तर त्यांचं जाऊ द्या, आधी तुम्ही सस्पेंड व्हाल. पान बदलता येतं."

"पान बदलायचं नाही," मी म्हणाले.

काकांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, हा माणूस आता आयुष्यात माझ्याशी बोलणार नाही. मग त्यांनी मास्क पुन्हा खाली ओढला. काकू तो लावायला पुढे झाल्या तर त्यांचा हात बाजूला केला.

"अर्धंच लिहिलं हाये तिनं," ते साहेबांना म्हणाले. एकेक शब्द वेगळा येत होता. मग माझ्याकडे वळले. "तेरा एप्रिल. तेबी लिही."

"तेरा एप्रिलला काय?"

"सव्वाचार वाजता. साखळी काढली अन् डोळ्यापुढे अंधारी आली. बेल्टात लटकलो. भाऊरावले वाटलं, मी उतरलो. जाग आली तं डोक्यावर तार गुणगुणत होती." त्यांनी कोपरापासून बोटांपर्यंत हात दाखवला. "एवढी दूर."

तेरा एप्रिल मला स्वच्छ आठवत होता. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांची जयंती. मला साडेचारची एसटी धरून बीबीला जायचं होतं, बॅग भरून टेबलाखाली ठेवली होती. भाऊरावचा फोन आला, नंबर ऐकला, "हो" म्हणाले, ब्रेकर टाकला. फोन सुरू झाल्यापासून लाइन चालू होईपर्यंत दहा सेकंदसुद्धा गेले नसतील. त्या संध्याकाळी एसटीत मी खिडकीपाशी बसले होते आणि खूप खूश होते.

"मला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सांगतलं असतं तं मले उतरवलं असतं," काका म्हणाले. त्यांनी श्वास घेतला, शिट्टी वाजली. "अन् तुले झोप आली नसती, पोरी."

भाऊराव दारातच खाली बसला. काकूंनी तोंडात पदर कोंबला. काकांनी स्वतःच मास्क वर ओढून नाकावर बसवला आणि पेनाकडे बोट केलं. मी लॉगबुकाची मागची पानं उलटून तेरा एप्रिलचं पान काढलं. तिथे माझ्याच अक्षरात, माझ्याच सहीनं, 'परमिट परत, सर्व माणसे खाली' असं लिहिलेलं होतं. मी त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, माणूस खांबावर होता, लाइन मी चालू केली.